बसवल्या दिवसापासून

प्लंबरच्या खिशातून पाना कायम डोकावत असायचा, म्हणून गल्लीतली पोरं त्याला पानाकाका म्हणत. आख्ख्या गल्लीत एकच पोर असं होतं की जे त्याला पानाकाका म्हणत नसे, आणि नेमकं तेच त्याच्या घरात राहत होतं. खरं बोलायचं तर तोच तिच्या घरात राहायला आला होता.

ती त्याच्या बायकोची मुलगी. दहा वर्षांची, काटकुळी, डोळे मोठे. रिकाम्या डब्या, दोऱ्याची रिळं, बाटल्यांची झाकणं, जे सापडेल ते उचलून आपल्या कोपऱ्यात नेऊन साठवायची तिला खोड होती. म्हणून आईने तिचं नाव ठेवलं होतं मुंगी. प्लंबरने घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या नावाने हाक मारून पाहिली, तर तिने मान वर न करता सांगितलं, की मला मुंगी फक्त आई म्हणते. मग तो तिला मॅडम म्हणायला लागला. ती त्याला काहीच म्हणेना.

बाबा हा शब्द त्या घरात आधीच कुणाच्या तरी नावावर झालेला होता. मुलगी पाळण्यात असतानाच तिचे वडील आजारात गेले. जेवायच्या टेबलाच्या वर भिंतीला त्यांचा फोटो होता, आणि शाळेत जाताना ती दारातून त्या फोटोकडे बघून 'बाबा, जाते' म्हणायची. काका म्हण, असं आईने सुचवून पाहिलं होतं. पण काका तो साऱ्या गल्लीचाच होता, आणि घरच्या माणसाला गल्लीचं नाव द्यावं हे तिच्या मनाला पटत नसावं. मग ती बिननावाने काम भागवी. भांड्याकडे बघून म्हणे, पाणी उकळलंय. दाराकडे बघून म्हणे, आईने बोलावलंय. फारच अडलं तर म्हणे, ऐकलं का. शेजारच्या आजींनी ते एकदा जिन्यातून ऐकलं आणि त्यांची हसून हसून पुरेवाट झाली. आमच्या वेळी आम्ही नवऱ्याला अशी हाक मारायचो गं, असं त्यांनी तिला सांगितलं, तेव्हापासून तेही बंद झालं.

प्लंबरने कधी तक्रार केली नाही. नवा जोड जोर लावून आवळायचा नसतो, आटे जातात, हे तो आयुष्यभराच्या कामातून शिकला होता. हाताने बसेल तेवढा बसवायचा, थोडं पाणी सोडून बघायचं, आणि मग पाना लावायचा. पण रात्री जेवताना त्या फोटोखाली बसलं, की त्याला वाटे, आपण या घरात भाडेकरू आहोत. बायको होती, ताट होतं, चादर होती, फक्त हाक नव्हती.

मुलीने त्याला आपणहून विचारलेला प्रश्न एकच, तोही पहिल्या दिवशीचा. तो एक पिशवी आणि हत्यारांची पेटी घेऊन त्या घरात आला, तेव्हा स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता. वर्षानुवर्षं ठिबकत असावा, कारण थेंबाचा आवाज होऊ नये म्हणून कुणीतरी तोटीला चिंधी बांधून तिचं टोक मोरीत सोडलं होतं. त्याच्याने ते बघवेना. नवा सदरा काढून खुंटीला लावला, नळ बदलला, आणि शेवटी ओट्याखाली पाठीवर सरकत जाऊन पाइपवर पांढऱ्या रंगाने त्या दिवसाची तारीख घातली. बाहेर आला तर मुलगी उकिडवी बसून बघत होती.

"ते कशाला?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं, की नळ कारखान्यात कधी तयार झाला, दुकानात किती वर्षं पडून होता, त्याला काही अर्थ नसतो. तिथे त्याच्यातून पाणीच गेलेलं नसतं. नळाचं वय बसवल्या दिवसापासून धरायचं. म्हणून मी जिथे काम करतो तिथे तारीख घालतो, पुढे कधी बिघडला तर कळतं किती चालला.

तिने ऐकून घेतलं, तोटीची चिंधी उचलली आणि आपल्या कोपऱ्यात नेऊन ठेवली.

वर्ष असंच चाललं होतं, आणि त्यात मोठ्या शाळेची परीक्षा आली.

शहराच्या दुसऱ्या टोकाला ती शाळा होती. झाडं, मैदान, लाल विटांची इमारत. आई दवाखान्यात परिचारिका होती. कामावर जातायेता त्या फाटकासमोरून जाण्यात तिची उमर गेली होती, आणि आपली मुलगी त्या फाटकातून आत जावी हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. पण नुसतं मनाशी पक्कं करून भागत नाही, तिथे प्रवेश परीक्षा असते. मुलीचं वाचन चांगलं होतं, अक्षर मोत्यासारखं होतं, बेरजा-गुणाकार तोंडपाठ. अडायची ती शाब्दिक उदाहरणांशी. नुसते आकडे दिले की पोरगी घोड्यासारखी धावे. त्याच आकड्यांना माणसं चिकटली की पाय रोवून उभी राही. आईची पाळी संध्याकाळची. तेव्हा सरावाचं पुस्तक आणि मुलगी, दोन्ही प्लंबरच्या पदरात पडली.

पहिल्या संध्याकाळी तिने पुस्तकात तोंड घालून उदाहरण वाचलं. एका माणसाने अठ्ठेचाळीस केळी घेतली. त्यातली एक चतुर्थांश खराब निघाली. उरलेली त्याने चार मुलांना सारखी वाटली. तर प्रत्येकाला किती?

वाचून ती थांबली आणि भिंतीला म्हणाली, बघून का नाही घेतली?

प्लंबरला प्रश्न रास्त वाटला. बारा केळी खराब निघेपर्यंत हा माणूस काय करत होता? बरं, ती चार मुलं त्याचीच होती की शेजारची? एवढी केळी एकेकाने खाल्ली तर पोट दुखायचं. दोघांनी मिळून त्या केळीवाल्याची काळजी करण्यात अर्धा तास घालवला आणि उदाहरण तसंच राहिलं. आंधळ्याला वाट दाखवायला आंधळाच भेटावा, तशातली गत. पण प्लंबरला ती संध्याकाळ फार आवडली. वर्ष होत आलं होतं, आणि त्या पोरीने त्याच्याशी एवढं बोलणं पहिल्यांदाच केलं होतं.

मग त्याला चेव चढला. टाकीची, नळाची, पाइपची उदाहरणं आली की त्याच्या अंगात वारं शिरे. टाकीत पाचशे लिटर पाणी मावतं, नळातून मिनिटाला दहा लिटर येतं, तर टाकी किती वेळात भरेल? मुलगी पन्नास म्हणायला गेली, तर तो म्हणाला, थांबा मॅडम, टाकी काठोकाठ कधी भरत नसते. आत चेंडू असतो, तो वर आला की पाणी आधीच बंद होतं. एका नळाने टाकी भरते आणि दुसऱ्याने रिकामी होते, असं उदाहरण आलं, तेव्हा त्याने सांगितलं, की आधी खालचा नळ बंद करा, मग आकडेमोड करा. घरात पाणी वाहून जातंय आणि आपण गणित सोडवत बसायचं हे काही बरं नव्हे. मुलगी हसली. खुदकन, तोंडावर हात ठेवून. प्लंबरला त्या हसण्याची चटक लागली. दुसऱ्या दिवशी काम करताकरता तो संध्याकाळसाठी विनोद जमवू लागला.

आणि मग तिच्या आताच्या शाळेत सराव चाचणी झाली.

टाकीच्या उदाहरणाला तिने लिहिलं, पंचेचाळीस मिनिटं, कारण चेंडू. नळाच्या उदाहरणाला लिहिलं, खालचा नळ बंद केला. आणि एक उदाहरण होतं पंपाचं. पंप तयार होऊन तीन वर्षं गोदामात पडून होता, मग बसवला, बसवून पाच वर्षं झाली, तर पंप आज किती वर्षांचा? वर्गातल्या यच्चयावत पोरांनी आठ लिहिलं. हिने पाच.

वर्गाच्या बाईंनी आईला शाळेत बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत, भल्या होत्या. एवढंच म्हणाल्या, की घरी कोण शिकवतं माहीत नाही, पण आधी मुलगी अडखळत होती, आता ठामपणे चुकते आहे. आणि परीक्षेत कारण विचारत नाहीत, उत्तर विचारतात.

सकाळी मुलगी शाळेत गेल्यावर आईने ते प्लंबरला सांगितलं. रागावून नाही. गणवेशाचं तुटलेलं बटण शिवत, हसत, पण डोळे हसत नव्हते.

"तुम्ही तिला गणित शिकवताय की कामाला नेणार आहात बरोबर?"

  हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरीने चार शब्द बोलावेत या लोभापायी आपण तिच्या शाळेच्या फाटकाला आपल्याच हाताने कडी घातली, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने बायकोला एवढंच सांगितलं, की उद्यापासून मी बसत नाही तिच्याबरोबर.

पुढच्या काही संध्याकाळी घर फार शांत होतं. मुलगी टेबलाशी पुस्तक उघडून बसे आणि प्लंबर घरातले चांगले चाललेले नळ उघडून दुरुस्त करत बसे. न्हाणीघरातल्या नळाचा वॉशर तर त्याने उगाच दोनदा बदलला. मध्येच टेबलाकडे कान देई. पेन्सिल चालल्याचा आवाज येई, मग थांबे, मग खोडरबराचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही.

एका संध्याकाळी तो न्हाणीघरात पालथ्या बादलीवर बसलेला असताना मुलगी दारात आली. आली आणि पुस्तक त्याच्या गुडघ्यावर ठेवलं.

"ऐकलं का," ती म्हणाली. आजी हसल्यापासून बंद पडलेला तो शब्द तिने पुन्हा काढला होता. "हा नळ सुटत नाही."

त्याने पुस्तक परत तिच्या हातात दिलं. म्हणाला, माझ्यामुळे तुमचे गुण गेले. ती म्हणाली, गेले. तिला खोटं बोलता येत नसे. मग म्हणाली, पण तुम्ही नसलात की मला त्या टाकीत काय चाललंय तेच दिसत नाही. नुसते आकडे दिसतात, आणि ते कुठे जातात कळत नाही.

प्लंबरने ओले हात पँटला पुसले. विचार करायला त्याला नेहमीच हातात काहीतरी लागे, म्हणून पाना काढून हातात घेतला. मग म्हणाला, असं करू. पाणी दोन प्रकारचं असतं. एक नळातलं आणि एक पुस्तकातलं. नळातलं पाणी कधी कमी दाबाने येतं, कधी गढूळ येतं, कधी येतच नाही. पुस्तकातलं पाणी मात्र शहाण्या मुलासारखं वागतं. मिनिटाला दहा लिटर म्हटलं की दहाच. सांडत नाही, चेंडू वर येत नाही, कुणाची केळी खराब निघाली तर तो माणूस दुकानदाराशी भांडायला जात नाही. नळातलं पाणी आपण बघायचं, हसायचं, आणि बाजूला ठेवायचं. कागदावर पुस्तकातलंच लिहायचं.

"परीक्षेत पण?"

"परीक्षेत तर तेच. शपथ घ्या."

तिने नळाच्या तोटीवर हात ठेवून शपथ घेतली. प्लंबरनेही घेतली.

पण शपथ घेतली म्हणून विद्या येते थोडीच. पुस्तकातलं पाणी त्याला स्वतःलाच नवं होतं. शाळा त्याने लहानपणीच सोडलेली. मग त्याने काय केलं, मुलीचं आधीचं, सोडवून झालेलं सरावपुस्तक हत्यारांच्या पेटीत टाकलं आणि जिथे काम असेल तिथे दुपारी डबा खाताना तो उदाहरणं शिकू लागला. एकदा एका घरच्या बाई वाकून बघतात तर हा बेसिनखाली आडवा, बॅटरी दातात धरलेली आणि तोंडासमोर पुस्तक. त्या घाबरल्या. म्हणाल्या, एवढी मोठी गळती आहे का हो, पुस्तकात बघावं लागतं? हा म्हणाला, गळती सापडली बाई, दोन गाड्या समोरासमोर निघाल्यात त्या कुठे भेटतात ते बघतोय.

वयाच्या उदाहरणांनी दोघांच्याही नाकी नऊ आणले. आई चौतीस वर्षांची, मुलगी दहा वर्षांची, तर आई मुलीच्या तिप्पट वयाची कधी होईल? मुलगी म्हणे, आज तिपटीहून जास्त आहे, मग कमी कशी होत जाईल? आई काय लहान होणार आहे? प्लंबरने शेवटची पानं उलटली. उत्तर पुस्तकाच्या मागे होतं, दोन वर्षांनी, पण ते का, हे मागच्या पानावर लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून पाइपचे तुकडे घेऊन आला. एक लांब, एक आखूड. लांब म्हणजे आई, आखूड म्हणजे मुलगी. दोन्ही शेजारी शेजारी जमिनीवर मांडले. मग सारख्या मापाचे छोटे तुकडे काढले आणि म्हणाला, हे एकेक वर्ष. वर्ष दोघींनाही लागतं, एकीला लागून दुसरीला राहत नाही. दोन्ही पाइपांना एकेक तुकडा जोडला. पुन्हा एकेक जोडला. मुलगी पोटावर पडून, गाल जमिनीला टेकवून बघत होती.

"हा वरचा जास्तीचा भाग आहे ना," ती हळूच म्हणाली, "तो तेवढाच राहतोय."

प्लंबरने पुन्हा पाहिलं. खरंच की. दोन्ही पाइप वाढत होते, पण आईचा जो भाग पुढे होता तो होता तेवढाच होता.

"फरक हलत नाही," ती म्हणाली. "मुलगी मोठी होते, तसा तो फरक तिच्यापुढे बारीक दिसायला लागतो. असंच ना?"

असंच, तो म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणून ज्याची शाळेत हेटाळणी झाली होती, त्या माणसाला गणितातलं काहीतरी अंगाने कळण्याची ती पहिली वेळ होती. त्या संध्याकाळी त्यांनी वयाची सगळी उदाहरणं एका बैठकीत संपवली, आणि आई कामावरून आली तेव्हा घरभर पाइपचं खानदान पसरलेलं होतं. आजोबा तर खोलीत मावत नव्हते, दारातून बाहेर गेले होते.

परीक्षेच्या दिवशी आईला सकाळची पाळी लागली. बदली कुणी मिळेना. ती जाताना मुलीच्या गालावरून हात फिरवून गेली, आणि प्लंबरला म्हणाली, वेळेत न्या, पाण्याची बाटली द्या, आणि वाटेत काही शिकवू नका. प्लंबरने पहिल्यांदाच इस्त्रीचा शर्ट घातला. तरी पाना खिशात होताच. निघताना मुलगी फोटोसमोर थांबली. रोज 'बाबा, जाते' म्हणून पळायची, आज उभीच राहिली. ओठ हलत होते. पेपर चांगला जावा म्हणून काही मागत असेल, असं समजून प्लंबर बाहेर जिन्यात जाऊन थांबला. दोघांच्या बोलण्यात आपण कशाला.

लाल विटांच्या शाळेने मुलांना आत घेतलं आणि पालकांना फाटकाच्या आतल्या झाडाखाली बसवलं. कुणी देवाचं नाव घेत होतं, कुणी दुसऱ्याच्या मुलाची तयारी किती झाली ते चाचपून बघत होतं.  पलीकडे मुलांसाठी पाण्याच्या तोट्या होत्या आणि त्यातली कडेची ठिबकत होती. प्लंबरने बराच वेळ तिकडे पाठ करून पाहिली. मग राहवेना. गेला, पाना लावला, आतला वॉशर उलटा करून बसवला. ठिबकणं थांबलं, तेव्हा कुठे त्याचा श्वास जरा खाली बसला.

रखवालदार आला. कुणी सांगितलं काम, असं त्याने विचारलं. कुणी नाही, प्लंबर म्हणाला, मुलगी आत बसली आहे परीक्षेला. रखवालदाराचा आवाज एकदम मऊ झाला.

"तुमची मुलगी?"

साधा प्रश्न होता. हो म्हटलं असतं तर कुठे आभाळ कोसळणार होतं. पण ती समोर नसताना तिच्या मागे हो म्हणणं प्लंबरला चोरी केल्यासारखं वाटलं.

"आमच्या घरातली आहे," तो म्हणाला आणि पाना पुसू लागला.

घंटा झाली. पोरं बाहेर आली, काही रडत, काही उड्या मारत. मुंगी सगळ्यात शेवटी आली, चालत, पेन्सिलीची डबी दोन्ही हातांत धरून. चेहऱ्यावरून काही कळेना. प्लंबरने बाटली पुढे केली. ती पाणी प्यायली. झाडाखालच्या कट्ट्यावर दोघं बसले आणि तिने एकेक उदाहरण सांगायला सुरुवात केली.

टाकी आली होती, दोन नळांची. मी चेंडूचं नाव काढलं नाही, ती म्हणाली. गाड्या आल्या होत्या, त्या भेटल्या. सफरचंदं खराब निघाली होती, मी कुणाला काही विचारलं नाही, काढून टाकली आणि भागाकार केला. प्लंबर प्रत्येक उत्तराला मान हलवत होता आणि त्याचा जीव हळूहळू भांड्यात पडत होता.

"शेवटचं वेगळं होतं," ती म्हणाली. "त्यांनी उदाहरण दिलंच नव्हतं. वयावरचं एक शाब्दिक उदाहरण स्वतः तयार करा आणि सोडवा, असं होतं."

"मग? केलंत?"

"केलं. सांगू?" तिने समोरच्या मैदानाकडे बघत, वर्गात उभं राहून म्हणावं तसं म्हटलं, "एका मुलीचे वय दहा वर्षे आहे. तिच्या बाबांचे वय एक वर्ष आहे. तर बाबांचे वय मुलीच्या वयाच्या निम्मे कधी होईल?"

प्लंबरला आता उदाहरण ऐकलं की आधी फरक काढायची सवय लागली होती. त्याने डोळे मिटले. एक लांब पाइप, एक आखूड. फरक नऊ. तो काही हलणार नाही. एकेक वर्ष जोडत जायचं. अकरा आणि दोन, बारा आणि तीन. तो बोटांवर मोजत गेला. सतरा आणि आठ, अठरा आणि नऊ. थांबला. नऊ दुणे अठरा.

"आठ वर्षांनी," तो खुशीत म्हणाला. "मुलगी अठराची होईल तेव्हा."

"बरोबर."

आणि मग त्याच्या ध्यानात आलं. त्याचा चेहरा उतरला. मॅडम, घोळ झाला, तो म्हणाला. मुलगी दहाची आणि बाप एक वर्षाचा, असं कुठे असतं का? बापाच्या वयातला एखादा आकडा गळाला असेल. तपासणारा एका रेघेत काट मारेल. एवढं सगळं नीट सोडवलंत आणि शेवटच्या पायरीवर ठेच. आत जाऊन सांगता येईल का कुणाला? तो उठलाच होता.

मुलीने त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं.

"घोळ नाही झालेला. मी खाली ओळ लिहिली आहे तशी."

"कसली ओळ?"

"वय बसवल्या दिवसापासून धरले आहे."

 ती डबीचं झाकण उघडत होती, लावत होती.

"ओट्याखाली तारीख आहे ना," ती म्हणाली. "मी बघते अधूनमधून. मागच्याच आठवड्यात वर्ष झालं."

त्याने खिशातला पाना काढला. पुसायचं काही नव्हतं तरी पुसला. परत खिशात ठेवायला गेला तर खिसा सापडेना.  मग कसाबसा म्हणाला, पण आपलं ठरलं होतं ना. तोटीवर हात ठेवून. परीक्षेत पुस्तकातलंच पाणी म्हणून.

"बाकी सगळीकडे तेच लिहिलंय," ती म्हणाली. "पण हे उदाहरण त्यांचं नव्हतं. माझं होतं."

"गुण जातील."

"एकाचेच जातील."

पुढचं त्याला विचारायचं नव्हतं, पण न विचारता पुढे जाताही येईना. त्या घरात एक भिंत होती आणि त्या भिंतीवर एक माणूस होता. प्लंबरने त्याच्या जागेला वर्षभरात कधी नखही लावलं नव्हतं. तो अडखळत म्हणाला, की टेबलावरच्या फोटोतल्या बाबांना काय वाटेल.

"त्यांना सांगितलं मी सकाळी," मुलगी म्हणाली. "आधी त्यांनाच सांगितलं."

मग ती उठली, बाटली त्याच्या हातात दिली, डबी दप्तरात टाकली आणि फाटकाकडे चालू लागली. रखवालदार दार उघडून उभा होता. त्याने प्लंबरला विचारलं, कसा गेला मुलीचा पेपर? प्लंबरने या वेळी काही दुरुस्ती केली नाही. बरा गेला, एवढंच म्हणाला, आणि मुलीच्या मागोमाग फाटकाबाहेर पडला.

घरी आई आली होती. दारातच तिने मुलीला जवळ घेऊन सगळं विचारून घेतलं. मुलीने टाकी, गाड्या, सफरचंदं सगळं सांगितलं, शेवटचं उदाहरण सांगितलं नाही. मग आईने प्लंबरकडे बघितलं. तो म्हणाला, सगळं ठीक आहे, एक उदाहरण आमचं घरचं निघालं. आणि शर्ट बदलायला आत गेला.

जरा वेळाने आई चहा ठेवायला आली तर ओट्याखालून दोन पाय बाहेर आलेले. नळ गळतोय का, तिने विचारलं. नाही, आतून उत्तर आलं. ओलीने तारखेचा रंग फुगला होता, दोन आकडे पुसट झाले होते, म्हणून प्लंबर बारीक कुंचला घेऊन ते गिरवत होता. मुलगी शेजारी उकिडवी बसून बॅटरी धरून होती. हात हलल्याने उजेड सारखा इकडे-तिकडे जात होता.

"बाबा, सातचा पाय नीट काढ," ती म्हणाली. "एकासारखा दिसतोय."

चहाचं पाणी उकळून वर आलं तरी आईने गॅस बारीक केला नाही. ओट्याखाली मात्र कामात खंड पडला नाही. थोड्या वेळाने तिथून आवाज आला, की मग बॅटरी जरा नीट धर की मुंगी, हलवू नकोस.

बॅटरी स्थिर झाली.